गाडी केव्हा बदलावी?

वस्तू दुरुस्त केव्हा करावी आणि बदलावी केव्हा, हा प्रश्न प्रत्येक संसारात कधी ना कधी उपस्थित होतोच. तांब्या-पितळेच्या भांड्यांना वर्षातून एकदा कल्हई होत असे, त्या काळी त्याचे उत्तर सोपे होते. भांडे झिजून भोक पडेपर्यंत ते घरातच राहावयाचे, आणि भोक पडल्यावरही मोडीच्या रूपाने नव्या भांड्यात उतरावयाचे. आजचे उत्तर इतके सोपे राहिलेले नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न सायकलीच्या निमित्ताने उभा राहिला. आणि ती सायकलही बाजारहाटाची नव्हे, तर डोंगरवाटांवरून चालवावयाची, जिला माउंटन बाइक म्हणतात ती. घरात आम्ही तिला नुसते ‘डोंगरी’ म्हणतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आता अशी एखादी डोंगरी अंगणात किंवा गच्चीवर उभी असेल, म्हणून त्या निमित्ताने सुचलेले चार विचार येथे मांडीत आहोत.

आम्ही सचिनला राहतो. सुरतेहून नवसारीकडे जाताना उधना आणि भेस्तान ही स्टेशने मागे पडली की सचिन येते. आज हे गाव औद्योगिक वसाहतीसाठी, तिथल्या मागांसाठी आणि रंगाईच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. परंतु मराठी माणसाला त्याची एक जुनी ओळखही असावयास हवी. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळू मियां यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांच्या हवाली केला आणि त्याच्या मोबदल्यात १७९१ साली त्यांना सचिनचा मुलूख मिळाला. त्यांचे संस्थान पुढे १९४८ सालापर्यंत टिकले. पेशव्यांच्या पदरी मात्र हक्काचा कागद तेवढा पडला. किल्ला कधीच हाती आला नाही. एक देऊन दुसरे घेताना प्रत्यक्ष हातात काय पडणार हे आधी पाहून घ्यावे, असा धडाच जणू या गावाच्या जन्मकथेत आहे. सायकलीच्या अदलाबदलीलाही तो लागू पडतो, असे आमच्या पुढे ध्यानात आले.

वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर आजही सायकलींची रांग दिसते. मोटारसायकली आणि रिक्षा यांची संख्या वाढली हे खरे; तरी मागावर बारा-बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला खोलीपर्यंत पोहोचविणारे सर्वांत स्वस्त वाहन अद्याप सायकलच आहे. या मंडळींत ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहारकडचे लोक आहेत, तसे ताप्तीकाठच्या लोहमार्गाने आलेले आपले खानदेशी बांधवही पुष्कळ आहेत. त्यांपैकी नंदुरबारकडच्या एका विणकर गृहस्थांशी आमचा जुना परिचय आहे. त्यांची काळी, दांड्याची, मागे रुंद कॅरिअर असलेली सायकल आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ पाहत आलो आहोत. एकदा आम्ही त्यांना सहज विचारले, ‘‘आजवर किती सायकली बदलल्या?’’

‘‘बदलली कशाला, दादा? तीच आहे की ही,’’ ते म्हणाले. आणि मग त्यांनी हिशेब सांगावयास आरंभ केला. मागची रिम दोनदा, पुढची एकदा; साखळ्या आणि फ्रीव्हील किती झाली याची मोजदाद नाही; पायडल, सीट, मडगार्ड, हँडल सारे नवे; पुढचा चिमटा एकदा ट्रकच्या धक्क्याने वाकला, तोही नवा. सांगाडासुद्धा एके ठिकाणी तडकला होता, तो वसाहतीतल्याच वेल्डरने जोडून दिला. मूळचे असे काय उरले, तर तो सांगाडा आणि घंटी!

आजीची गोधडी अशीच असते. वरचे लुगडे विरले की नवे लावावयाचे, खालचे धोतर फाटले की दुसरे जोडावयाचे. आतला कापूस कोणत्या सालचा हे कोणालाच सांगता येत नाही, तरी गोधडी आजीचीच. त्या गृहस्थांच्या दृष्टीने सायकल बदलण्याची कारणे तीनच. ती चोरीला गेली तर. सांगाडा जोडण्यापलीकडे मोडला तर. किंवा मुलगा कमावता होऊन त्याने घरी मोटारसायकल आणली तर.

हे त्यांना शक्य झाले याचे श्रेय त्यांच्या काटकसरीला आहे, तसे त्या सायकलीच्या घडणीलाही आहे. आपल्या देशात ही काळी सायकल अनेक कारखान्यांनी केली, पण मूळ इंग्रजी नमुना सर्वांनी जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. एकाचे चाक दुसऱ्याच्या चिमट्यात बसते, एकाची साखळी दुसऱ्याच्या दातऱ्यावर चालते. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जून रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरीही कोणा ॲटलसवाल्याची गाडी सुट्या भागांवाचून अडून पडली नाही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे सारे काही मिळतच राहिले. एखाद्या वस्तूचे आयुष्य तिच्या लोखंडाइतकेच तिच्या सुट्या भागांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते, हे सत्य ही काळी सायकल दररोज सिद्ध करीत असते.

आता डोंगरी सायकलीकडे वळू. तिची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात माउंट टॅमालपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण मंडळी भंगारात पडलेल्या जुन्या, जाड टायरांच्या श्विन सायकली स्वस्तात मिळवीत आणि त्यांवर बसून डोंगराच्या कच्च्या वाटांनी भरधाव खाली येत. १९७६ पासून त्यांच्या शर्यती होऊ लागल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, हे नाव पडले. जुने सांगाडे अशा माराला टिकेनात, तेव्हा त्यांच्यातीलच जो ब्रीझ या तरुणाने १९७७ साली खास डोंगरासाठी नवा सांगाडा घडविला. पुढे १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही गाडी मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि हा खेळ जगभर पसरला.

गंमत पाहा. ज्या खेळाचा जन्म भंगारातल्या सायकलींतून झाला, त्याच खेळात आज नव्या गाडीची ओढ सर्वांत अधिक दिसते. आमचा पुतण्या ज्या मंडळींबरोबर रविवारी डांगच्या डोंगरात जातो, त्या दहा-बारा जणांत तीन-चार वर्षांनी गाडी बदलणारे निम्मे तरी आहेत. एक हौशी गृहस्थ दर दोन वर्षांनी बदलतात. आणि आठ-दहा वर्षे एकच गाडी चालविणारे जेमतेम दोन. त्यांची कारणेही आम्ही कुतूहलाने ऐकून घेतली. कोणाची पहिली गाडी मापाने लहान निघाली. दुकानदाराने जी शिल्लक होती तीच ‘तुम्हाला शोभते’ म्हणून गळ्यात घातली होती. कोणाला कडक पाठीची गाडी नको झाली, मागेही स्प्रिंग हवीशी वाटली. कोणाची गाडी चिखलात आणि पावसात खिळखिळी झाली, तेव्हा दुरुस्तीचा आकडा पाहून त्यांनी नवीच घेतली. एकाने मात्र मनापासून सांगितले, ‘‘सोबत्यांच्या गाड्या नव्या झाल्या, मग आपली जुनी दिसू लागली.’’ हे शेवटचे कारण बोलून दाखविणारा एकच, परंतु बाळगणारे अनेक असावेत.

झिजेचे कारण मात्र खोटे नव्हे. वघईपासून सापुताऱ्यापर्यंतचा रस्ता, आहव्याकडच्या वाटा, साग आणि बांबूच्या रानांतून जाणाऱ्या पायवाटा हा सारा मुलूख पावसाळ्यात अत्यंत रमणीय असतो. पण तिथला चिखल साखळीत शिरला की तो कानशीच्या भुकटीसारखे काम करतो. त्यात सचिनची हवा समुद्राची, खारी आणि दमट. अंगणात आठ दिवस न पुसता ठेवलेल्या गाडीच्या स्क्रूंवर तांबूस बुरशीसारखा गंज दिसू लागतो. काळ्या सायकलीची जाड साखळी हे सोसते. डोंगरीची साखळी सोसत नाही. दोन्ही साखळ्यांचा दुवा अर्ध्या इंचाचाच. पण मागे दहा, अकरा, बारा दातरे दाटीवाटीने बसविता यावेत म्हणून डोंगरीची साखळी अरुंद अरुंद होत गेली आहे.

तर आमच्या पुतण्याची गोष्ट. थोरले बंधू अकाली गेले, तेव्हापासून हा मुलगा आमच्याकडेच वाढला. शिकून तो इथल्याच एका रंगाईच्या कारखान्यात रुजू झाला आणि २०१७ साली पुण्याच्या एका परिचितांकडून त्याने ही डोंगरी वापरलेली म्हणून विकत घेतली. गाडी चांगल्या प्रतीची, ॲल्युमिनिअमच्या सांगाड्याची, २६ इंची चाकांची. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला त्याने विषय काढला, ‘‘काका, आता नवी घ्यावी म्हणतो. २६ इंची चाके कोणीच वापरीत नाही. सगळ्यांच्या २९ इंची आहेत.’’

किंमत लाखाच्या घरात होती. पैसे त्याच्या कमाईचे होते. परंतु वहिनींच्या गावाकडच्या घराचे छप्पर त्याच वर्षी नवे करावयाचे ठरले होते. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्याला ना होकार दिला, ना नकार. एवढेच सांगितले की, आधी गाडी स्वच्छ धुऊन, पुसून, तिच्यात काय संपले आहे आणि काय शाबूत आहे याची यादी कर. मग आपण बसून ठरवू.

पुढच्या रविवारी मंडळींचा सापुताऱ्याचा बेत होता. त्या आधीच्या रविवारी सकाळी पुतण्याने चाके काढली आणि सांगाडा उलटा करून धुवावयास घेतला. नेहमी गाडी मागवणारा आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला मिस्त्रीही सहज येऊन बसला होता. सांगाड्याची खालची तिरपी नळी हँडलच्या नळीला जिथे मिळते, तिथल्या सांध्याजवळ त्याने बोट थांबविले. रंगात केसाएवढी बारीक रेघ होती. पुतण्या म्हणाला, ओरखडा असेल. मिस्त्री म्हणाला, ओरखडा आडवातिडवा जातो, ही सांध्याच्या कडेकडेने चालली आहे.

वसाहतीत बॉयलरचे आणि टाक्यांचे सांधे तपासणारे कारागीर आहेत. ते धातूवर एक तांबडा पातळ रंग लावतात, थोड्या वेळाने पुसून घेतात, आणि वर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारतात. कोठे भेग असेल तर आत मुरलेला तांबडा रंग त्या पांढऱ्यावर उमटून येतो. त्याच संध्याकाळी पुतण्याने सांगाडा तिकडे नेला. पांढऱ्या भुकटीवर सुमारे दीड इंच लांबीची तांबडी रेघ स्पष्ट उमटली. ती पाहून तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. घाटाच्या उतारावर हँडलची नळी सुटती तर काय झाले असते, हे त्याला कोणी सांगावयाची गरज नव्हती. वहिनींना आम्ही हे पत्राने वा फोनने कळविले नाही; त्या दिवाळीला आल्या तेव्हा समोर बसवून सांगितले.

साहजिकच प्रश्न आला, की विणकर गृहस्थांच्या सांगाड्याप्रमाणे हाही जोडून का घेऊ नये? त्याचे उत्तर धातूच्या स्वभावात आहे. पोलादावर पडणारा ताण एका मर्यादेच्या आत राहिला, तर ते लक्षावधी हिसके सोसूनही थकत नाही. ॲल्युमिनिअमला अशी मर्यादा नाही; लहान लहान हिसक्यांचाही हिशेब ते आत कोठेतरी लिहून ठेवते आणि केव्हातरी वसूल करते. म्हणूनच चांगले कारखानदार त्याच्या नळ्या रुंद ठेवतात, आणि असे सांगाडे वर्षानुवर्षे चालतातही. परंतु सांधा तुटला, की प्रश्न बिकट होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवतालचे ॲल्युमिनिअम मऊ पडते. कारखान्यात वेल्डिंगनंतर सगळा सांगाडा भट्टीतून काढून त्याला गेलेली ताकद परत देतात. रस्त्यावरचा वेल्डर कितीही हातखंडा असला, तरी ती भट्टी त्याच्याजवळ नसते. आमच्या मिस्त्रीने हे सारे एका वाक्यात सांगितले, ‘‘लोखंड असते तर जोडून दिले असते, हे जोडीन, पण त्यावर तुमच्या पोराला बसू देणार नाही.’’

मग नुसता सांगाडा नवा घ्यावा आणि बाकीचे भाग त्यावर चढवावेत, असे ठरले. खरी मेख इथेच निघाली. २६ इंची चाके २०१० सालापर्यंत डोंगरी सायकलींची सार्वत्रिक चाके होती. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत २९ इंची आणि साडेसत्तावीस इंची चाकांनी त्यांना जवळजवळ हुसकावून लावले. मागच्या तुंब्याची रुंदी १३५ मिलिमीटर होती, ती १४२ झाली, मग १४८ झाली. पुढच्या चिमट्याची दांडी वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची असे, ती आता खाली रुंद होत जाते. यांतल्या प्रत्येक बदलाला काही ना काही आधार आहे. मोठे चाक दगडांवरून अधिक सहज जाते, रुंद तुंब्याचे चाक अधिक मजबूत होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण परिणाम असा, की पुतण्याचे शाबूत चाक, शाबूत चिमटा आणि शाबूत तुंबा यांना आसरा देणारा सांगाडा आम्हाला दुकानांत मिळेना. एक सांधा तडकला आणि सगळा संसार नवा मांडण्याची पाळी आली!

डोंगरी सायकली वारंवार का बदलतात, याचे सर्वांत मोठे उत्तर आमच्या मते येथे आहे. माणसाची हाव तर असतेच. तिला नावे ठेवणे सोपे असते. परंतु जिथे दर काही वर्षांनी मापेच बदलतात, तिथे काटकसरी माणसाचीही काटकसर चालत नाही. विणकर गृहस्थ आपली गाडी वीस वर्षे चालवू शकले, कारण त्यांच्या गाडीचे माप कोणी बदलले नाही.

शेवटी नवी गाडी घेतली. परंतु २९ इंची चाके हे तिचे कारण नव्हते, आणि म्हणूनच तिची निवडही वेगळी झाली. पुतण्याने तीन अटी घातल्या. सांगाडा पोलादाचा असावा, मग दोन किलो वजन जास्त भरले तरी चालेल. पायडलच्या आसाचा सांधा आट्यांचा असावा, म्हणजे साध्या हत्यारांनी उघडता येईल. आणि साखळी, दातरे, ब्रेकचे गुटके हे नेहमी लागणारे भाग सुरतेच्या बाजारात त्याच दिवशी मिळावेत. या अटींत बसणारी गाडी त्याने आधी मनात धरलेल्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. वहिनींचे छप्परही त्याच वर्षी झाले.

जुन्या गाडीचे टायर, सीट आणि पायडल विणकर गृहस्थांच्या धाकट्या चिरंजीवांच्या २६ इंची सायकलीला गेले. चिमटा व चाके पुण्याला एका गृहस्थांनी आनंदाने मागवून घेतली. त्यांच्याकडे तशीच जुनी डोंगरी आहे. उरला सांगाडा. तो भंगारात देण्यापूर्वी पुतण्याने स्वतः करवत घेऊन त्याची तिरपी नळी मधोमध कापली. आम्ही विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, ‘‘भंगारातून उचलून, रंग मारून कोणी पुन्हा विकला तर? वर बसणाऱ्याला भेग दिसणार नाही.’’ थोरल्या बंधूंचा स्वभाव त्या वाक्यात आम्हाला ऐकू आला.

ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून हे लिखाण पुरे करितो. नव्या साखळीचे २४ दुवे मोजले, तर ते बरोबर १२ इंच भरतात. हीच लांबी एक षोडशांश इंचाने वाढली की साखळी बदलावी. एक अष्टमांशाने वाढेपर्यंत थांबलात, तर दातरेही बरोबर घेऊन जाईल आणि खर्च अनेक पटींनी वाढेल. स्प्रिंगच्या चिमट्यातील तेल आणि सील सुमारे पन्नास तासांच्या प्रवासानंतर पाहून घ्यावेत. वाढत्या वयाच्या मुलाला ‘पुढे होईल’ म्हणून मोठी गाडी घेऊ नये. ब्रेकपर्यंत बोटे न पोहोचणे हे खोकल्यासारखे सोडून देण्याजोगे दुखणे नाही. गाडी घेतानाच दुकानदाराला विचारावे, की पाच वर्षांनी हिचे चाक मला कोठे मिळेल? त्याला उत्तर देता आले नाही, तर ते उत्तरच समजावे.

आणि सर्वांत मुख्य म्हणजे महिन्यातून एकदा गाडी आपल्या हाताने धुवावी. नोकराने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने नव्हे, तर फडक्याने, नळीनळीवरून बोट फिरवीत. गाडी केव्हा बदलावी हे किती वर्षे झाली यावरून ठरत नाही, सोबत्याच्या नव्या गाडीवरून तर नाहीच नाही. ते गाडीच सांगते. पण अगदी हळू आवाजात, केसाएवढ्या रेघेने. ती रेघ वेळेवर दिसावी एवढ्याचसाठी हा खटाटोप. ती दिसली की मग मात्र क्षणाचाही विलंब करू नये. आणि ती दिसत नाही तोवर जुनी गाडी खुशाल आणखी एक पावसाळा चालवावी.